सुतकात दिलेलं रक्त

सन दोन हजार तेवीस. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, तू सत्तावन्नची, अन् संभाजीनगरच्या दवाखान्यात तुही एक किडनी काढून माह्या पोटात बसवली. वच्छला, हे तुले सांगायची काही गरज नाही. पण लिहिणाऱ्यानं आधी साल लिहावं, मंग वय लिहावं, असं मास्तरानं चौथीत शिकवलं होतं, अन् चौथीच्या पुढं मी गेलो नाही. जेवढं येते तेवढ्यात लिहितो. चुकलं तर चुकलं. तुले तर वाचताच येत नव्हतं, तू काय माह्या चुका काढणार!

आज तुले जाऊन नऊ दिवस झाले. नातीची जुनी वही घेऊन ओसरीत बाजेवर बसलो आहे. समोर लिंबाखाली भाऊकीतले लोक बसले आहेत. त्याईले वाटते बुढा देवाचं नाव लिहून राह्यला. वाटू दे.

उद्या तुहा दहावा. नदीवर आपला पोरगा विलास जाईल, मी जाणार नाही. ज्या पाण्यात ढोरं बसतात त्याच पाण्यात मी बुडी मारावी, गर्दीत बसून न्हाव्यापुढं डोकं द्यावं, असं भाऊकीनं ठरवलं होतं. मी म्हटलं, माह्या बायकोनं दोन वर्षं मले उकळून गाळलेलं पाणी पाजलं, ते एका बुडीत वाहून टाकू काय? लोक उठून लिंबाखाली जाऊन बसले. बोलले असते तर मी अजून बोललो असतो.

तू असती तर म्हणाली असती, "काय सारखे भांडता अवो लोकाईशी?" पण खरं भांडण तर माह्यं तुह्याशीच राह्यलं. किडनी कोणाची, हे. दोन वर्षं रोज झालं, अन् मिटलं नाही.

मी म्हणायचो, "दिली ना? मंग आता माही."

तू म्हणायची, "देल्ली नाई. नांदाले पाठोली."

"लेक देते त्याले कन्यादान म्हणतात. दानावर हक्क नसते."

"दान देल्ली असती तं माहा बाप दर दिवाळीले न्याले काऊन आला असता? नीट नांदवा. नाई तं येऊन घेऊन जाईन वापस, सांगून ठेवते."

सकाळी गोळी हातावर ठेवताना हे, संध्याकाळी गोळी ठेवताना हेच. मी म्हातारा माणूस, साऱ्या गावात कोणाचं ऐकून घेतलं नाही, पण गोळी घेतल्याशिवाय तू समोरून हलत नव्हती, म्हणून हात पुढं करायचो. ऐकलं म्हणून नाही. हात पुढं करायचो, बस.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीण बाईनं समजावून सांगितलं होतं. "बाबा, तुमचं शरीर या किडनीला परकी समजतं, तिच्यावर धावून जातं. म्हणून या गोळ्या शरीराला गुंगीत ठेवतात. जन्मभर घ्यायच्या." मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं. गाडीत बसल्यावर तू सांगितलं तवा समजलं.

"अवो, सोपं हाये. नवी सून घरात आली. सासू, नंदा, जावा, साऱ्या तिच्या अंगावर धावल्या. मंग बाईनं काय केलं, अख्ख्या घराले अफू चारली. झोपा म्हने, सुनेले नांदू द्या."

"अन् घर झोपलं अन् चोर आला तं?"

"तेच पाह्यासाठी दर महिन्याले रक्त मागून राह्यली ना ती!"

चौथी शिकलेला मी अन् बिनशाळेची तू. पण दवाखाना तुले समजला, मले नाही.

पाचव्या महिन्यात चोर आला. रक्तात एक विषाणू सापडला. बाईनं परत समजावलं. हा विषाणू लहानपणीच बहुतेकांच्या अंगात शिरतो, किडनीत झोपून राहतो, जन्मभर कोणाले त्रास देत नाही. पण अंग गुंगीत असलं की जागा होतो अन् किडनीले आतून खातो. त्याच्यावर नेमकं असं औषध नाही. करायचं ते एवढंच, की गुंगीच्या गोळ्या थोड्या कमी करायच्या, म्हणजे अंग जागं होऊन त्याच्याशी भांडेल. पण जास्त कमी केल्या तर अंग किडनीशीच भांडेल. म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, विषाणू किती आहे ते मोजायचं, अन् त्या आकड्यावर गोळी ठरवायची.

तू विचारलं, "बाई, तो माह्या किडनीतून आला का याईच्या अंगातून?"

बाई म्हणाली, "सांगता येत नाही आजी. बऱ्याचदा दिलेल्या किडनीतूनच येतो. पण यात चूक कोणाचीच नाही."

परत येताना जालना गेलं, सिंदखेडराजा गेलं, तू एक अक्षर बोलली नाही. मले ते सहन झालं नाही. तुले हसवावं म्हणून म्हणालो, "तुह्या माहेरचा मालच तसा वं. वांग्यावानी. वरून चकचकीत, आतून किडकं." अन् मीच हसलो. तू खिडकीतून बाहेर पाह्यलं. मेहकर येईपर्यंत तशीच बसली.

वच्छला, ते बोलणं मी वापस घेतो. तोंडानं घेतलं नाही, दीड वर्ष तुह्या पुढ्यात बसून घेतलं नाही, आता लेखी घेतो. ज्या बाईनं स्वतःचं पोट फाडून घेतलं तिच्या मालाले नाव ठेवणारा मी कोण? वांग्याचा धंदा केला म्हणून जिभेलेही कीड लागावी काय?

याच्याहून मोठी चूक पुढं केली. बाईनं एक गोळी अर्धी केली, अन् मी समजलो की मी बरा झालो. बाप्पा, आपल्याकडं औषध कमी केलं म्हणजे दुखणं कमी झालं! हागवण थांबली की गोळी थांबते, ताप उतरला की सुई थांबते, जन्मभर हेच पाह्यलं. मी गावात गूळ-फुटाण्याची शेरणी वाटली. मारुतीच्या पारावर सांगितलं, डॉक्टरनं निम्म्या गोळ्या बंद केल्या, बाकीच्या मी बंद करतो. अन् केल्या. सकाळची गोळी तुह्यासमोर तोंडात टाकायचो, जिभेखाली धरायचो अन् वावरात जाऊन सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात थुंकायचो. लोकाईले सांगायचो, पहा कसा तरतरीत झालो.

तुले कसं कळलं ते मले आजही माहीत नाही. तू म्हणे सांबाराच्या जुड्या बांधताना वाफ्यात पांढरा ठिपका पाह्यला. चिमटीत धरून घरी आणला. मले वाटलं आता ओरडशील. तू ओरडली नाही. विलासले म्हणाली, "बाईले फोन लाव." अन् माह्यासमोर, माह्या घरात, माह्या लेकाच्या हातानं फोन धरून तू सांगितलं, "बाई, आमचे मालक गोळ्या थुंकून राह्यले. चोट्टे झाले म्हातारपनी."

इज्जत गेली माही. मी चार दिवस तुह्याशी बोललो नाही. पण बाईनं दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं, अन् रक्तात दिसलं की अंग किडनीवर धावून गेलंच होतं. किडनीचा तुकडा काढून तपासला. तीन दिवस सुया दिल्या, अंगाले परत गुंगी आणली, अन् किडनी वाचली. त्या गुंगीत मंग विषाणू परत वाढला. माह्या एका शहाणपणापायी बाईले दोन्हीकडून दोर धरावा लागला, इकडं ओढला तर विषाणू, तिकडं ओढला तर अंग. वर्षभर ती दर पंधरा दिवसांनी आकडा पाहून गोळीचा पाव भाग इकडं, पाव भाग तिकडं करत राह्यली.

बाई मले म्हणाली होती, "बाबा, आजींनी दोन दिवस उशीर केला असता तर किडनी हातची गेली असती." मी "हाव" म्हटलं, अन् बाहेर येऊन तुले म्हटलं, "चाल, गाडी निघून जाईल." बस. एवढंच म्हटलं. तू चुगली केली म्हणून मी जिवंत आहे, हे मी कधी म्हटलं नाही. म्हणणार होतो. म्हणजे खरं सांगतो, म्हणणार नव्हतो. माह्या तोंडातून ते निघालंच नसतं. मी तसाच आहे.

त्या दिवसापासून तू घराची राखण केली. पहिल्या वर्षी तू गावाशी जेवढी वाईट झाली तेवढा मी जन्मभरात झालो नाही. ज्याले सर्दी, त्याले फाटकाबाहेर. लेकरू हगलं-ओकलं असलं तर त्याच्या मायले बाहेर. वडनेर भोलजीहून मंगला आली, तर पोटच्या पोरीले तू अंगणातच हात-पाय धुवायले लावले, तोंडाले फडकं बांधायले लावलं. ती रडली. तू म्हणाली, "रड, पन दुरून रड."

अन् आपला किसनदा, भाऊकीतला वडीलधारा माणूस, मले पाह्यले आला, तर तू फाटकात उभी.

"वयनी, भावाले भेटू द्याल का नाई?"

"भेटा ना किसनभाऊ. खोकला तेवढा घरी ठेवून या."

सारा गाव हसला त्याले. तो वर्षभर आपल्या दारावरून गेला नाही. मी तुले बोललो होतो, माणसं तोडून राह्यली म्हणून. तू म्हणाली, "मानसं जोडता येते. हे वापस जोडता येत नाई," अन् माह्या पोटाले बोट लावलं.

गेल्या आठवड्यात मंगळवारी तू मेथी काढायले गेली. सकाळचे दहा वाजले असतील. मी बांधावर बसलो होतो, तू वाफ्यात. तू म्हणाली, "उद्या रक्त हाये, ध्यानात हाये ना? गोळी रक्ताच्या आधी खासान तं पाहा." मी म्हटलं, "पंधरा खेपा सांगते, मी काय लहान लेकरू आहे?" तू काहीच बोलली नाही. मी पाह्यलं तर तू मेथीच्या जुडीवर आडवी झाली होती. विलासनं उचलून गाडीत घातलं, मेहकरपर्यंत नेलं. डॉक्टर म्हणाले काळजाचा झटका, रस्त्यातच गेली.

म्हणजे माह्यं शेवटचं बोलणं तुले ते. लहान लेकरू आहे काय. हाव, होतो. आहे.

तुले आणलं तवा अंगणात गर्दी झाली, अन् मी तोंडाले मास्क लावून उभा राह्यलो. बाया कुजबुजल्या. बायकोच्या मौतीत तोंड बांधून उभा आहे म्हणे, बास येते काय तिची? मी अग्नी दिला तोही मास्क लावून. लावला नसता तर तूच तिरडीवरून उठून बसली असती. संध्याकाळी किसनदाच्या घरून कडू घास आला, मेलेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून भाऊकी भाकर-पिठलं आणते तो. दहा घरच्या हाताचं अन्न. मी ताट सरकवलं. मंगलानं चूल पेटवली, मले गरम भाकर दिली, अन् लोकाईनं ते पाह्यलं. पाहू दे.

पण एक बोलणं मले लागलं. लिंबाखालीच कोणी बोललं, की किडनी देल्ली म्हणून गेली बिचारी, त्यानं खाल्ली तिले. वच्छला, मी उठून गेलो नाही त्याच्या अंगावर, कारण तेच माह्याही पोटात होतं. डॉक्टरीण बाईले फोन लावला. विचारलं. ती म्हणाली, "नाही बाबा. एका किडनीनं त्यांचं सगळं ठीक चाललं होतं, गेल्या महिन्यातच मी तपासलं होतं. काळजाचा आजार वेगळा." मी दोन मिनिटांनी परत फोन लावून परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं, चिडली नाही. आता जो बोलेल त्याले मी उत्तर देईन. पण तुले सांगतो, मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची माही हिंमत झाली नाही.

अन् ते दुसरं, किसनदाचं. म्हणे, "वयनी पूरी नाई जळली ना बे. एक भाग तुह्यात राह्यला. तिचा जीव अडकून राहीन."

अडकू दे! मी अडकवून ठेवणार. तुमच्या साऱ्या भाऊकीनं मिळून तिले जाळलं तरी सगळी जाळता आली नाही तुमाले. मुठीएवढी ठेवली आहे मी. ती रोज पाणी मागते, मी देतो. सकाळी गोळी मागते, मी देतो. ज्या दिवशी मी जाईन त्या दिवशी पूरी जाईल, माह्यासंगं, एकाच लाकडावर. तोवर नाही. हे मी त्याच्या तोंडावर बोललो, अन् आता इथं लिहून ठेवतो.

अन् ते भांडण, किडनी कोणाची. जा, तू जिंकली. तुहीच आहे. मी फक्त नांदवून राह्यलो. पण घेऊन जायले येऊ नको एवढ्यात. मी गोळी थुंकत नाही आता.

बुधवारच्या रक्ताचा रिपोर्ट चौथ्या दिवशी फोनवर आला. विषाणू वाढला नाही. गेलाही नाही, पण थोडा उतरला आहे. दहा दिवस आधीच बाईनं गोळी बदलली होती, त्याचा गुण येते का नाही ते त्याच बुधवारच्या रक्तात कळणार होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या दिवशी रक्त द्याल असं मला वाटलं नव्हतं. नसतं दिलं तर मी अंधारात होते." मी म्हटलं, "तिनं सांगितलं होतं, म्हणून दिलं." बाईनं आकडा परत एकदा वाचून दाखवला. मंग म्हणाली, गोळी आहे तशीच ठेवा, पंधरा दिवसांनी परत.

हे रिपोर्टचं आता कळलं. त्या बुधवारी सकाळी मले काही माहीत नव्हतं.

त्या सकाळी, तुले जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी साडेपाचला उठलो. गरम पाण्यानं आंघोळ केली. चहा घेतला नाही, गोळी घेतली नाही, गोळीची पुडी खिशात ठेवली, कारण आधी रक्त द्यायचं अन् मंग गोळी. धुतलेला सदरा घातला, मास्क लावला. विलास दारात आडवा आला.

"बाबा, राख सावडल्यावर जाऊ ना. मीच नेतो तुमाले फटफटीवर. दोन दिवसानं काय होते?"

"तोवर तो विषाणू सुतक पाळीन काय?"

विलास बाजूले झाला नाही. मंगलानं त्याचा दंड धरून त्याले बाजूले केलं, अन् पाण्याची बाटली माह्या हातात दिली.

फाटकात किसनदा.

"कुठं चालला बे?"

"मेहकरले. रक्त द्याले."

"अबे, काल बायको जाळली अन् आज उंबरा वलांडून राह्यला? सुतक हाये घराले! राख थंडी नाई झाली तिची."

"राख तुमी थंडी करा दादा. तिची किडनी गरम हाये अजून, तिच्याकडं मी पाहतो."

"लोकं तोंडात शेन घालतीन तुह्या."

"घालू दे. मास्क लावला हाये म्या."

मी फाटक उघडलं अन् रस्त्यावर आलो. हिवरा आश्रमाकडून सहाची एसटी आली. मागच्या बाजूले चारच माणसं होती, मी त्याईच्यापासून दूर बसलो. कंडक्टर ओळखीचा, त्याले बातमी कळली असावी, त्यानं तिकीट दिलं अन् पुढं गेला. मेहकरले उतरून पायी गेलो. रक्त तपासणीवाल्याचं शटर नुकतंच वर झालं होतं. तिथं रक्त घेणारी ती पोरगी टेबल पुसून राह्यली होती. मी खुर्चीवर बसलो, बाही वर केली, हात टेबलावर ठेवला. तिनं दोरी बांधली, शीर पाह्यली, अन् दाराकडं पाह्यलं.

"आजोबा, आज आजी नाई आल्या?"

"आधी रक्त घे, पोरी," मी म्हटलं. "मंग सांगतो."